मथुराबाईची दोन बोटं

बोरी अरबला धर्मपालकडे बंडी, म्हणजे लोखंडी बैलगाडी, घ्यायला आलेला माणूस लोखंडाला हात लावण्याआधी विचारायचा, "वहिनी हायेत का घरात?" ती विहारात गेलेली असली तर तो चहा पीत बसून राहायचा, पण तिच्याशिवाय बंडी न्यायचा नाही. कारण धर्मपालची बंडी पास करायची ती मथुराबाईने.

पद्धत साधी होती. नव्या बंडीत पोती रचायची, पुढची दांडी मोकळी सोडायची, आणि मथुराबाईने पदर खोचून जुवाखाली उजव्या हाताची दोन बोटं घालायची. जू त्या दोन बोटांवर अलगद उचललं गेलं तर बंडी बरोबर. जड लागलं तर बैलांच्या माना सोलून निघणार. आपसूक वर उडालं तर बंडी उलाळ, मागे कलणारी, चढावर बैलांचा गळा आवळणारी. ती "जड" म्हणाली की धर्मपाल वाद घालत नसे. आख बोटभर सरकवायचा, पुन्हा वेल्डिंग मारायचा, पुन्हा तिला हाक द्यायचा.

खरं तर तिचं माहेर राजूरचं. बाप कोळशाच्या खाणीत होता. लग्न होईपर्यंत तिने बैल रस्त्यावरून जाताना पाहिला असेल तेवढाच. पण नवी सून म्हणून आली त्याच उन्हाळ्यात सासऱ्याने तिला अंगणात बोलावलं आणि जुवाखाली बोटं ठेवायला लावली. म्हातारा म्हणाला, "पोरी, बैलाले बोलता येत नाई. त्याच्या मानंवर किती आलं ते त्याच्यासाठी तू सांगत जाय." घरातल्या पुरुषांचे हात घण मारून मारून निबर झालेले. त्यांना हलकं-जड कळेना. तिचे हात तेव्हा मऊ होते. पुढे तेही निबर झाले, पण ती दोन बोटं मात्र तशीच राहिली. गावात म्हणायचे, त्या बाईच्या बोटात तराजू आहे. ती हसून सोडून द्यायची. सकाळी उठून तथागतांच्या आणि बाबासाहेबांच्या फोटोपुढे मेणबत्ती लावायची, त्रिसरण-पंचशील म्हणायचं, पौर्णिमेला पांढरं लुगडं नेसून विहारात जायचं, आणि बाकीच्या दिवशी नवऱ्याला लोखंड धरू लागायचं, असं तिचं आयुष्य चाललं होतं आणि त्यात तिला काही कमी वाटत नव्हतं.

मग बंड्या थांबल्या. एकदम नाही थांबल्या. कापसाला भाव मिळेना, तसे लोक आधी एक बैल विकायचे आणि शेजाऱ्याशी जोड लावायचे, मग उरलेलाही विकायचे. माल न्यायला छोटे टेम्पो आले. दोन हजार सतराच्या साली धर्मपालकडे एकच बंडी सांगितलेली होती, जवळच्या तांड्यावरच्या शंकरसिंगची. ती तयार झाली, निळा रंग लागला, मथुराबाईने दोन बोटांवर पास केली. पण त्या साली बोंडात गुलाबी अळी शिरली. बाहेरून बोंड गुबगुबीत, फोडलं की आत काळपट कवडी, किडका कापूस. दिवाळीनंतर शंकरसिंग आला तो फाटकाजवळच उभा राहिला.

"ये ना, असा काहून उभा?" धर्मपाल म्हणाला.

"बैलच नाई राह्यले, भाऊ. बंडी काय मी वढू का?"

"राहू दे मंग. उभी राहीन इथं."

"घरवाली म्हणे, जाऊन सांगून तरी ये. म्हणून आलतो." एवढं बोलून तो गेला. बंडी अंगणात कडुनिंबाखाली उभी राहिली. कोंबड्या तिच्याखाली बसायला लागल्या.

पण शंकरसिंग आला तेव्हा या घराचं लक्ष बंडीकडे नव्हतंच. त्याच्या आधीच भादव्यात व्हायचं ते होऊन गेलं होतं.

त्यांचा एकुलता मुलगा अतुल. यवतमाळजवळ लोहाऱ्याच्या एमआयडीसीत एका वर्कशॉपमध्ये कामाला होता. तिथे जिनिंगच्या मशिनरीची दुरुस्ती व्हायची. जिनिंगच बंद पडायला लागल्यावर वर्कशॉपवाल्याने चौघांना घरी पाठवलं, त्यात अतुल. येताना तो एक गाडी घेऊन आला. चालवत नाही, टेम्पोत टाकून. जुनी करिझ्मा मोटारसायकल, कुणीतरी ट्रकला घासलेली. तोंडावरचं प्लास्टिक अर्धं फुटलेलं, अर्धं लोंबतं.

धर्मपालने गाडीभोवती चक्कर मारली. "हे तं मेलेलं आहे बे."

"इंजन जितं आहे, बाबा. बाकी आपण करू. मी याची स्ट्रीटफायटर करणार."

"म्हंजे काय?"

"हे समोरचं फेअरिंग पुरं काढून टाकाचं. इंजन उघडं. हँडल सरळ, रुंद. मागची शेपूट कापून बुटकी. समोर दोन लाईट, डोये वटारल्यासारखे. रस्त्यावर भांडाले निघाल्यासारखी दिसते, म्हणून फायटर."

"भांडाले तुझी माय आहे ना घरात. आणखी एक कायले?"

"मी भांडते, म्हणून जेवाले भेटते तुमाले," मथुराबाई आतून म्हणाली, आणि तिघेही हसले. ते हसणं तिला पुढे कितीदा आठवलं. आठवायचं, पण त्याने काही व्हायचं नाही. जुनी पावती सापडावी तसं.

अतुलने मोबाइलवरचं चित्र यवतमाळहून छापून आणलं आणि वेल्डिंगच्या खोलीत भिंतीला चिकटवलं. फुटकं फेअरिंग उतरवलं. घरी जे होतं त्यात जमेल तेवढं करायचं ठरलं होतं, पण मागचा शॉकअप गेलेला होता आणि तो काही घरात तयार होणारा नव्हता. तेवढ्या पैशासाठी तो कापसावर औषध फवारायला रोजाने गेला. कुणी पाठवलं नव्हतं. त्या साली पऱ्हाटी, कापसाची झाडं, माणसाच्या डोक्यावर गेली होती. फवारा वर मारला की तोंडावरच यायचा. तिसऱ्या की चौथ्या दिवशी तो दुपारीच घरी आला, बाजेवर बसला आणि म्हणाला, "माय, लाईट गेली का?"

बाहेर ऊन होतं.

फवाऱ्याचं विष अंगात भिनलं होतं, पण दवाखान्यातून तो जिवंत परत आला. भेटायला येणारे म्हणायचे, जीव वाचला हेच मोठं. मथुराबाई म्हणायची, हो. नजर हळूहळू आली, कडेला धूसर राहिली एवढंच. पण हातापायांची बोटं, तळवे बधिर झाले होते. डॉक्टर म्हणाले, येईल, वेळ लागेल, किती ते सांगता येत नाही. घरी आल्यावर अतुल ओसरीतल्या बाजेवर भिंतीकडे तोंड करून पडला तो उठेना. जेव म्हटलं की जेवायचा. पेला त्याच्या हातातून सुटायचा, सुटल्याचं त्याला आवाज झाल्यावर कळायचं. बोलायचा दोनच शब्द, हाव आणि नाई.

मथुराबाईला रडू आलं नाही. आधी तिला वाटलं, दवाखान्याच्या धावपळीत राहून गेलं, घरी गेल्यावर येईल. घरी आल्यावरही आलं नाही. एकदा तव्यावर हात टेकला गेला तर तिला वासाने कळलं. सकाळी ती मेणबत्ती लावायची, वंदना म्हणायची, एक शब्द चुकायचा नाही, आणि शेवटी उठताना तिला आठवायचं नाही की आपण म्हटली की नाही. मग ती पुन्हा म्हणायची. विहारातल्या बाया म्हणाल्या, दुःखाला कारण असतं, कारण काढलं की दुःख जातं, हे आपल्याला शिकवलंय. ती घरी आली आणि अंगणात बघत उभी राहिली. कारण समोरच होतं. दोन चाकांवर, प्लास्टिक काढलेलं, उघड्या इंजिनाचं.

बाजाराच्या दिवशी भंगारवाला गल्लीतून ओरडत गेला तेव्हा तिने त्याला थांबवलं. "ही गाडी घेऊन जा."

धर्मपाल खोलीतून बाहेर आला आणि गाडीसमोर उभा राहिला.  

"हटा ना," ती म्हणाली. "हिच्यासाठी गेलता तो फवाराले. कायले पाह्यजे घरात?"

"त्याची आहे."

"त्यानं तोंड तरी वळवलं का हिच्याकडं?"

"मी पुरी करतो. मंग पाहीन तो."

भंगारवाला एकदा याच्याकडे, एकदा तिच्याकडे बघत होता. "काकू, तुमचं ठरलं की सांगा. मले उन्हात उभं करू नका."

मथुराबाई म्हणाली, "माघ पौर्णिमेले ये." मग नवऱ्याकडे वळून, त्याच सपाट आवाजात, "तवरोक पोरानं हिले हात लावला, तं गाडी राहीन. नाई लावला, तं गाडी जाईन. मंग मले अडवाचं नाई."

"नाई अडवत," धर्मपाल म्हणाला.

हिवाळाभर तो गाडीला लागला होता. त्याने आयुष्यात दुचाकी उघडली नव्हती, पण भिंतीवर चित्र होतं आणि हातात लोखंड होतं. नवं विकत घ्यायचं नाही हे त्याने मनाशी ठरवलं होतं, आणि घेण्यासारखं होतंही काही नाही. बंडीच्या कठड्याला लागतो त्या पाइपाचं त्याने हँडल वाकवलं. भंगारात निघालेल्या ऑटोचे दोन लाइट समोर पट्टीवर बसवले. मागचा सांगाडा ग्राइंडरने कापून बुटका केला, त्यावर अँगल जोडला. शॉकअप मात्र दारव्ह्याहून जुना आणावा लागला, तो एका बंद पडलेल्या गाडीचा, त्याला बसवायला कान नवे करावे लागले. पाइप धरायला, टोक दाबायला, चष्मा पुसून द्यायला मथुराबाईच होती. तिला ती गाडी नको होती, तरी ती धरत होती. नवऱ्याने "धर" म्हटलं की धरायचं, हे तिच्या हातांना माहीत होतं, त्यासाठी तिला मधे पडावं लागत नव्हतं.

सीटचा फोम कुजला होता. धर्मपाल म्हणाला, "काय भरू?"

ओसरीच्या कोपऱ्यात शेजारच्या रुपीबाईने टाकलेली कवडी होती. अळीने खाल्लेला, पिवळा, गाठी पडलेला कापूस. कुणी घेईना म्हणून तिने चुलीत जाळायला म्हणून दिला होता. मथुराबाईने तोच वेचला, दाबून दाबून भरला आणि वरून रेग्झिनची खोळ शिवली. रुपीबाई बघायला आली.

"अवं बाई, धर्मपालबुवा म्हातारपणी हिरो होऊन राह्यले का?"

"हाव, मी हिरोइन," मथुराबाई म्हणाली. रुपीबाई हसता हसता थांबली, कारण मथुराबाई हसत नव्हती.

ठोकाठोकीचा, ग्राइंडरचा आवाज ओसरीत जायचाच. खोलीपासून बाजेपर्यंत दहा पावलं नसतील. धर्मपाल मुद्दाम दार उघडं ठेवायचा. "हिची क्लचची तार कुठून नेऊ बे?" असं मोठ्याने विचारायचा, जणू स्वतःलाच. बाजेवरून उत्तर यायचं नाही. ज्या दिवशी इंजिन पहिल्यांदा सुरू झालं, त्या दिवशी कडुनिंबावरचे कावळे उडाले, बंडीखालच्या कोंबड्या पळाल्या, आणि धर्मपाल हातातलं फडकं तसंच धरून ओसरीकडे बघत राहिला. अतुलने कूस बदलली. आधी भिंतीकडे होता, आता आढ्याकडे. मथुराबाईने ते पाहिलं आणि मोजण्यासारखं नाही असं ठरवलं. हात लावला तर राहील, असं ठरलं होतं. कूस बदलली तर नव्हे.

गाडीला बंड्यांचा उरलेला निळा रंग दिला. चित्रातल्यासारखी नव्हती, पण त्या जातीची दिसत होती. समोरून रुंद, मागून बुटकी, इंजिन पोटाबाहेर आलेलं. मग धर्मपालने ती मेन स्टँडवर घेतली आणि नेहमीप्रमाणे हाक मारली.

"मथुरे, पाह्य."

तिने पदर खोचला. नव्या हँडलच्या मधोमध खालून दोन बोटं घातली आणि वर दाबली. "जड."

त्याने बॅटरी काढली आणि मागे, सीटखाली नेली. "आता?"

"जडच आहे."

त्याने सीट वीतभर मागे सरकवली. हत्यारांची पेटी शेपटीखाली बसवली. हँडल उंच केलं, म्हणजे चालवणारा पुढे वाकणार नाही, ताठ बसेल, आणि मानेवर वजन येणार नाही. मान कुणाची, हे त्याने स्वतःला विचारलं नाही. तिनेही विचारलं नाही. तीस वर्षं दोघांनी असंच केलं होतं.

"आता पाह्य."

पुढचं चाक जमिनीवरून अलगद सुटलं. दोन बोटांवर.

"आता बरोबर," मथुराबाई म्हणाली.

दोघांनी एकमेकांकडे पाहिलं. आनंद नव्हता तो. पण बंडी पास झाली की दोघांमध्ये जे एक शांत व्हायचं, ते क्षणभर झालं. दोघांनाही ते ओळखीचं वाटलं, आणि लगेच संपलं.

पौर्णिमा आठवड्यावर आली होती. धर्मपाल सकाळी म्हणाला, "चाल, एक चक्कर मारू."

"मी कायले?"

"मांगं वजन पाह्यजे."

हे कारण तिला पटलं. ती पदर गुंडाळून एका बाजूने बसली. ओसरीवरून जाताना त्याने जोरात ॲक्सिलरेटर पिळला. अतुल आढ्याकडे बघत होता.

गल्लीत गाडी नीट चालली. बाहेर रस्त्याला लागल्यावर धर्मपालने थोडा वेग दिला. थंडी होती, तिचे कान गार पडले, डोळ्यांत पाणी आलं ते वाऱ्याचं. पुलाजवळ चढ लागतो, तिथे त्याने पुन्हा पिळलं आणि हँडल त्याच्या हातात मासोळीसारखं वळवळायला लागलं. पुढचं चाक रस्त्यावर आहे की नाही तेच कळेना. त्याने उजवीकडे वळवलं, गाडी सरळच चालली. "अहो!" एवढंच ती म्हणाली. मग रस्ता संपला, आणि गाडी कडेच्या शेतात उतरली, जिथे मालकाने अळीला कंटाळून उभ्या पऱ्हाटीत ढोरं सोडली होती. नुसती खुंटं उरली होती. काळ्या मातीत चाक रुतलं, गाडी आडवी झाली आणि दोघं दोन बाजूंना बसली. पडली म्हणण्यापेक्षा बसलीच. इंजिन एकदा किंचाळलं आणि बंद झालं.

"लागलं का?" धर्मपालने विचारलं.

"माहीत नाई." तिच्या कोपरातून रक्त येत होतं. तिने ते पदराने पुसलं. "तुमाले?"

"नाई."

मग दोघं तशीच बसून राहिली. उठायचं दोघांच्याही लक्षात आलं नाही. पुलावरून एक बकऱ्यांचा कळप गेला. सकाळचं ऊन मातीवर पडलेलं होतं. मथुराबाईच्या मनात आलं, आता काही उरलं नाही, पौर्णिमेची वाटही कशाला बघायची, भंगारवाल्याला इथेच बोलवावं.

बांधावरून कुणीतरी येत होतं. भिंत धरायला नसल्यासारखं, एकेक पाय नजरेने जागा बघून टाकत. ती बघत राहिली. अतुल होता. इंजिनाचा आवाज घरापर्यंत गेला असणार, आणि बंद झालेलाही. त्याच्या एका पायात चप्पल होती. दुसरी वाटेत कुठेतरी निसटली होती आणि त्याला ते कळलं नव्हतं.

तो जवळ आला. आई-बापाकडे नाही पाहिलं. आडव्या गाडीकडे पाहिलं, मागे नेलेली बॅटरी पाहिली, शेपटीखालची पेटी पाहिली, उंच हँडल पाहिलं. मग आईकडे वळला.

"माय, तू उचलून पाह्यलं हे?"

"हाव."

"दोन बोटानं?"

"हाव."

"आन हलकं लागलं म्हणून पास केलं."

"हाव. काहून?"

अतुलने तोंडावरून हात फिरवला. हसला नाही, पण आवाज पूर्वीसारखा फाटकन आला. "अवं, बंडीले समोर बैल असतात. हिच्या समोर कोण आहे? बाबा, तुमी इतके वर्स लोखंडात, तुमाले तरी समजाले पाह्यजे. हिचं समोरचं चाकच बैल आहे. त्याच्यावर वजन नाई तं ते जमीन धरन कसं? सारं वझं मांगं, वर मायले मांगं बसवलं. उलाळ करून ठेवली तुमी गाडी!"

भादव्यापासून तो एवढं बोलला नव्हता. धर्मपाल मातीत बसूनच ऐकत होता, शाळेतल्या पोरासारखा मान वर करून.

"मंग कसं कराचं?" त्याने विचारलं.

"आधी उठा ना दोघंही. लोक पाहून राह्यले."

मथुराबाई उठली नाही. ती त्याच्या अनवाणी पायाकडे बघत होती. पऱ्हाटीचं खुंट तळव्यात शिरलं होतं, माती रक्ताने ओली झाली होती, आणि तो त्या पायावर अंगाचा भार देऊन उभा होता. तिने त्याची पोटरी धरली, "बैस" म्हणाली, आणि तो बसला. तिने त्याच दोन बोटांनी काडी ओढून काढली.

"दुखलं?"

"नाई," तो म्हणाला. थोड्या वेळाने म्हणाला, "काडली का?"

"काडली."

त्या आठवड्यात बाज ओसरीतून वेल्डिंगच्या खोलीच्या दाराशी आली. अतुल बाजेवर बसून सांगायचा, धर्मपाल करायचा. पाना अतुलच्या हातात टिकत नव्हता. एकदा त्याने घेतला, तो पडला, त्याने पुन्हा मागितला नाही. बॅटरी पुढे आली, सीट पुढे आली, पेटी निघाली, हँडल खाली गेलं. त्यावर धर्मपाल कुरकुरला, "एवढं वाकून चालवाचं? मान दुखीन."

"दुखू द्या. तुमची मान आहे, बैलाची नाई."

मथुराबाई पाइप धरत होती. ती बघत होती की मुलगा बोलतो आहे, आणि आपल्याला आता काहीतरी वाटायला हवं. सकाळी वंदनेला बसली की तेवढंच मागायची. तसं मागू नये, हे तिला माहीत होतं. आपल्यात देणारा कुणी नाही, ज्याचं त्यानंच चालायचं. तरी मागायची. आणि अजून त्याने गाडीला हात लावला नव्हता. बोट दाखवायचा, "ते ढिलं आहे" म्हणायचा, पण हात गुडघ्यांमध्ये दाबून बसायचा. तिने ठरवलेलं ती विसरली नव्हती, आणि तिने पाहिलं की नवराही विसरला नाही. तो रोज एकदा मुलाच्या हातांकडे बघायचा.

पौर्णिमेच्या सकाळी ती पांढरं लुगडं नेसली. विहारात न्यायची खीर चुलीवर ठेवली आणि बाहेर आली. भंगारवाल्याचा ऑटो फाटकाशी लागला होता.

"काकू, आज बोलावलतं तुमी."

"हाव."

गाडी अंगणात मेन स्टँडवर होती. तिच्यावर अतुल बसला होता. कधी येऊन बसला, कुणी पाहिलं नव्हतं. दोन्ही हात हँडलवर होते आणि तो खाली मान घालून आपल्याच डाव्या हाताकडे बघत होता. चार बोटं क्लचवर ठेवायचा, आहेत का ते डोळ्यांनी बघायचा, दाबायचा, सोडायचा. पुन्हा ठेवायचा, पुन्हा बघायचा. इंजिन बंद होतं. तो कुठे जात नव्हता. बराच वेळ तेवढंच करत होता.

"हीच ना?" भंगारवाला पुढे झाला.

"नाई," मथुराबाई म्हणाली. "हे नाई."

"मंग कायले बोलावलं? फुकटचा चक्कर झाला ना माह्या!"

 खोलीच्या दारात धर्मपाल उभा होता. त्याने हात फडक्याला पुसले आणि कडुनिंबाकडे गेला. बंडीखालच्या कोंबड्या हाकलल्या. "हे घेऊन जा," तो म्हणाला.

"बंडी? नवी दिसते ना."

"नवीच आहे. बोल्ट मी खोलून देतो."

मथुराबाईला वाटलं, तो तिच्याकडे बघेल. त्याने नाही बघितलं. पाना आणायला आत गेला. ती बंडीजवळ गेली आणि जुवाखाली दोन बोटं घातली. रिकामी होती, तरी सवयीने उचलून पाहिलं. अलगद आलं. शंकरसिंगच्या बैलांना काही त्रास झाला नसता. तिने जू परत खाली ठेवलं आणि मागे सरकली. धर्मपाल येऊन आखाचे बोल्ट खोलायला बसला. त्याने ते घट्ट आवळले होते, लवकर सुटेनात.

"माय, इकडं ये," अतुल म्हणाला. तो गाडीवरून उतरून एका हाताने सीट धरून उभा होता. "हे उचल समोरून."

तिने दोन बोटं घातली. हललं नाही. चार घातली. मग दोन्ही हातांनी धरलं.

"नाई उचलत."

"जोर लाव ना."

"लावला बाप्पा. नाई उचलत, जड आहे."

"मंग बरोबर," अतुल म्हणाला आणि पुन्हा गाडीवर चढून बसला. चढताना पाय कुठे टेकला ते त्याने आधी वाकून पाहिलं.

ती हँडल धरूनच उभी राहिली. मागे पाना लोखंडावरून घसरल्याचा आवाज आला, धर्मपाल काहीतरी पुटपुटला, भंगारवाल्याने त्याला तेल टाकायला सांगितलं. मग वास आला. ती आत धावली. खीर बुडाला धरली होती. तिने पदराने पातेलं उतरवलं, पदर पुरला नाही, कडेचा चटका त्या दोन बोटांना बसला आणि तिने हात झटकन मागे घेतला. ती बोटांकडे बघत उभी राहिली. दोन्ही लाल झाली होती.

"माय," बाहेरून अतुलचा आवाज आला, "खीर लागली का?"

"लागली," ती म्हणाली. "वरवरची काढून देते. तशीच खा."